हौदातली होडी

माझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात, जुन्या ट्रान्झिस्टरांच्या मागे, राखाडी प्लास्टिकची एक होडी ठेवलेली आहे. हातभर लांब. केबिनला डावीकडून तडा गेलेला, डोलकाठी म्हणून रेडिओच्या एरियलचा तुकडा. गिऱ्हाईक पैसे देता देता विचारतं, "विकायची हाय का ही?" मी नाही म्हणतो. "चालते का?" चालते, म्हणतो. एवढ्यावर विषय मिटतो. ह्या होडीनं एका भल्या माणसाला काय काय सोसायला लावलं, ते विचारायचं कुणाला सुचत नाही आणि मीही आपणहून कधी सांगितलं नाही. होडीनं कशाला, मीच सोसायला लावलं. बघा, लिहायला बसलो नाही तोच दोष होडीवर ढकलून मोकळा झालो.

मी मूळचा समुद्रकाठचा. घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी. आठवीत नापास झालो, शाळा सुटली, आणि वडलांनी मला होडीवर घेतलं. पहिल्या दिवशी ओकलो. दुसऱ्या दिवशी ओकलो. महिना झाला तरी ओकतच होतो. बाकीचे लोक पोट धरून हसायचे. वडील हसायचे नाहीत, जाळं ओढत राहायचे, आणि मला तेच जास्त लागायचं. शेवटी आमच्याकडं लातूरहून डाळ घेऊन येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं मला परतीच्या फेरीत सोबत घेतलं आणि लातुरात अप्पांच्या दुकानापुढं उतरवलं.

अप्पांचं रेडिओ, टेप, पंखे दुरुस्त करायचं दुकान. लिंगायत घर, दोन्ही मुली सासरी गेलेल्या. घरात अप्पा आणि त्यांची बायको, तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. दुकानाच्या माळ्यावर मी झोपायचो, जेवायला घरी. त्या घरात मासे कुठले? "आठवन येती का रं मासळीची?" आक्का ज्वारीची भाकरी वाढता वाढता विचारायच्या. "नाही आक्का," मी म्हणायचो. खोटंच. पण त्या घरानं मला काय दिलं ते मोजायला बसलो तर मासे त्यात फारच लहान आहेत. सोल्डरिंग कसं धरायचं, मुका रेडिओ कुठून बोलता करायचा, गिऱ्हाईकापुढं मान वर करून कसं बसायचं, हे सगळं मला अप्पांनी शिकवलं. ह्या गोष्टीच्या वेळेला मी बावीस वर्षांचा होतो आणि अप्पा लोकांना सांगायचे, "आता आमचा मेकॅनिक तोच. मी नुसता गल्ल्यावर."

एक मात्र मी लातुरात कुणाला सांगितलं नव्हतं. समुद्रावर मला ओकारी होते, मी तिथून पळून आलोय, हे. लोकांनी आपसूक धरून चाललं की हा दर्याचा पोरगा, होड्या ह्याच्या हाडात. मी ते तसंच राहू दिलं. आपण कुणीतरी आहोत असं वाटायला परगावात तेवढं एकच माझ्याकडं होतं.

लातूर वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नव्या कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत थाटल्या होत्या. पाट्यांवर घाईनं नवा रंग मारलेला, त्याच्याखालून 'जि. उस्मानाबाद' ही जुनी अक्षरं उन्हात दिसायची. आईची पत्रंही जुन्याच पत्त्यावर यायची. पोस्टमन ते दुकानात टाकताना म्हणायचा, "आईला कळवा की हो, तुमी आता जिल्ह्याच्या गावात राहून राहिलात!" गल्लीत लोक म्हणायचे, जिल्हा झाला, कलेक्टर आला, साहेब लोक आले, आता तेवढं पाणी यायचं राहिलं.

कारण दोन वर्षं पाऊस नव्हता. नळाला हवा यायची. चौथ्या दिवशी टँकर यायचा. आमच्या गल्लीत नऊ घरं, आणि जमिनीत बांधलेला मोठा हौद एकट्या अप्पांच्या अंगणात. अप्पांनी स्वतःहून सांगितलं, सगळ्या गल्लीचं पाणी माझ्या हौदात सोडा आणि सगळ्यांनी इथून न्या. हौदावर पत्रे टाकलेले, पत्र्यांवर दगड. आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची, ते पाणी कपड्याला, कपड्याचं पाणी संडासाला. हौदातला थेंब मात्र फक्त प्यायला आणि स्वैपाकाला. ह्यावर कधी कुणाचं भांडण झालेलं मी पाहिलं नाही. दुष्काळात ही फार मोठी गोष्ट होती.

टँकर चालवायचे ते समुद्रावरच्या नव्हे, लातूरजवळच्या मुरुडकडचे एक वयस्क गृहस्थ. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. किडकिडीत, गळ्यात चौकड्यांचा रुमाल. मुरुडजवळच्या विहिरीवर टँकर भरून आणायचे. हौदात पाइप सोडायच्या आधी त्यांचा एक रिवाज होता. आक्का तांब्याची घासलेली कळशी घेऊन यायच्या आणि पहिलं पाणी मामा त्या कळशीत धरायचे, तेही आधी स्वतःचे हात धुऊन. ते पाणी लिंगपूजेचं. आक्का गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग रोज सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायच्या आणि ती होईपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. कळशी दोन दिवस पुरायची, मग हौदातलं घ्यायच्या.

"धरा आक्का, तुमच्या देवाचं," मामा म्हणायचे. मग ओट्यावर बसून आक्कांच्या हातचा चहा, आणि चहाबरोबर थट्टेला मी.

"काय रं दर्यावाल्या, तुमच्याकडं पानीच पानी. मग हिकडं कशाला मराया आलास?"

"तिकडचं खारट असतंय मामा."

"मग यिताना मीठ तरी आनायचं की! फुकटचं हाय म्हनत्यात."

मला ते फार आवडायचं. दर्यावाल्या म्हणून हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आक्कांचे धाकटे भाऊ आखातातून सुट्टीवर आले. त्यांचं घर नांदेडला. लातूरला बहिणीला भेटायला आले तेव्हा एक मोठा खोका घेऊन आले. खोक्यावर निळ्या लाटांवर उसळणाऱ्या गस्तीच्या होडीचं चित्र, आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे. ते जुळवून होडी करायची, शोभेसाठी. सोबत पोरानं मोडलेली एक रिमोटची मोटार होती. ते अप्पांना म्हणाले, "दाजी, ह्या मोटारीची मशिनरी काढून होडीत बसवता येईल का? मी महिन्यानं परत जाणार. त्याच्या आत गोदावरीत चालवून बघू."

"त्यात काय," अप्पा म्हणाले. "आमचा मेकॅनिक दर्याचाच हाय. का रं, जमंल न्हवं?"

मी हाव म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण खरं सांगतो, त्या कामाइतका आनंद मला कशातच झाला नाही. ती शोभेची होडी, पाण्यात घालायची म्हणून बनवलेलीच नव्हती. तळाचे दोन भाग डिंकानं चिकटवले तरी सांधा गळणार हे उघड होतं. मी आतून मेण ओतलं, वरून दोन नळ्यांचा डिंक कालवून लावला. मागचा पंखा फिरवायला दांडी हवी, ती सायकलच्या चाकातली आरी घेतली. आरी ज्या नळीतून बाहेर काढायची ती नळी कुठून आणू? तर दुकानात मोडक्या एरियलांचा ढीग होताच. एरियल म्हणजे एकात एक जाणाऱ्या पितळी नळ्या. त्यातली बरोबर मापाची एक कापली, तिच्यातून आरी घातली. पाणी नळीतून आत येऊ नये म्हणून ग्रीस ठासलं, पण ग्रीसमुळं आरी जड फिरायला लागली, म्हणून ते रॉकेलनं पातळ केलं. आमच्या दुकानात सगळ्यावर रॉकेल. टेपचं हेड पुसायचं रॉकेलनं, गंजलेला स्क्रू काढायचा रॉकेलनं. मोटर जुन्या टेपमधली बसवली. पंख्याची पाती पावडरच्या डब्याच्या पत्र्याची कापली. मोडक्या मोटारीतली चाकं वळवणारी यंत्रणा सुकाणूला जोडली. रिमोट दाबलं की टेबलावरचे सगळे रेडिओ खरखरायचे आणि होडीचं सुकाणू डावीकडं हलायचं. अप्पा चष्मा कपाळावर सरकवून बघत राहायचे.

"ह्याच्यात एक गोष्ट ऱ्हायली का बघ," एकदा ते म्हणाले. "तू दर्याचा, तुला ठाव."

"काही नाही राहिलं अप्पा."

राहिलं होतं. वडलांच्या होडीत तळाला धोंडे असायचे, वजनासाठी. ते मी लहानपणापासून बघितलेले. त्यांच्यावर बसूनच तर मी ओकायचो. पण माझ्या होडीत मी शेल वर ठेवले, बदलायला सोपे जावेत म्हणून, आणि तळ ठेवला रिकामा. समुद्रकाठच्या माणसाला ही चूक सांगायलाही लाज वाटते.

गळती मी कपडे धुतलेल्या पाण्यात तपासली होती, तेवढी मुभा होती. पण घमेल्यात होडी वळते की नाही हे कसं कळणार? नांदेडला जायला पंधरवडाच उरला होता. तिथं मेव्हण्यांपुढं, अप्पांपुढं, ती गोल गोल फिरत बसली तर? मला झोप लागेना. मी पहिल्यापासून घाबरट माणूस, आणि घाबरट माणूस जे करतो ते मी केलं. एक चूक उघडी पडू नये म्हणून तिच्याहून मोठी करून बसलो.

दुपारची वेळ. अप्पा दुकानात गल्ल्यावर पेंगत होते, आक्का आतल्या खोलीत लवंडलेल्या. उन्हात गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी अंगणात आलो, दगड उचलले, दोन पत्रे बाजूला केले. टँकर येऊन दोन दिवस झाले होते, तरी छातीइतकं पाणी होतं. थंड, काळं, स्वच्छ. दुष्काळात इतकं पाणी एका जागी बघितलं की आत काहीतरी हलतं. मी होडी अलगद सोडली.

ती गेली. सरळ समोरच्या भिंतीकडं, मागं पाण्याची बारीक रेघ काढत. मी डावीकडं दाबलं, ती वळली. उजवीकडं दाबलं, परत वळली. हौदाच्या काठावर उकिडवा बसून मी हसत होतो. वडील इथं बघायला असते तर, असं वाटलं. मग मी जोरात वळवली आणि वरचं वजन तिला झेपलं नाही. ती आडवी झाली, केबिन भिंतीवर आपटली आणि होडी बुडबुडे सोडत तळाला गेली.

बांबू आणला, पालथा पडून ढवळलं, होडी बांबूवरनं निसटायची. आरी जड झाली तर लावायला म्हणून रॉकेलची बाटली मी काठावरच ठेवली होती. बिनबुचाची. माझं कोपर लागलं. एवढासा आवाज झाला, डबकन. बाटली पाण्यात, आणि बाटलीतनं सरकत पसरत गेलेलं ते सात रंगांचं तेल.

होडी निघाली, बाटली निघाली, तेल थोडंच निघतं? मी वर्तमानपत्राचे कागद पाण्यावर टाकून टिपायला बघितलं. कागद भिजून तुकडे झाले आणि तेही पाण्यात. सदरा काढून टिपलं. शेवटी पत्रे टाकले, दगड ठेवले, ओला सदरा माळ्यावर नेऊन दडवला. खाली येऊन अप्पांना म्हणालो, "चहा सांगू का?" माझा आवाज बरोबर आला. ह्याची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांची कळशी संपलेली होती. आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून त्या हौदावर आल्या, तांब्या बुडवला, तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. "ह्याला घासलेटचा वास येऊन राहिलाय," त्या म्हणाल्या. एवढंच. मग शेजारीण आली, मग गल्ली जमली. कुणी बोट बुडवून हुंगलं, कुणी पाण्यावरचे रंग दाखवले. नऊ घरांचं पिण्याचं पाणी आणि टँकरला अजून एक दिवस.

"टँकरच आधी घासलेटचा आसंल," कुणीतरी म्हणालं. "धुतला नसंल नीट. आपल्याला काय पाजून राहिलेत बघा." बस, तिथून ते ठरून गेलं. एकानं म्हणायचं आणि आठांनी मान डोलवायची. मी भिंतीला टेकून उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर चार शिव्या आणि एक थप्पड, एवढ्यावर भागलं असतं. पण मला समोर दिसत होता तो डाळीचा ट्रक, उलट्या दिशेनं जाणारा. आणि त्याच्या शेवटाला वडील, जाळं ओढत, न हसता.

मग मी काय केलं, तर अप्पांची सायकल घेतली, दोन कळशा बांधल्या आणि दूरच्या हापशावर रांगेत उभा राहिलो. परत आलो तेव्हा दुपार झाली होती. आक्का तोवर तशाच होत्या, पाण्याच्या थेंबाशिवाय, खांबाला टेकून बसलेल्या, ओठ सुकलेले. मी आणलेल्या पाण्यानं त्यांनी पूजा केली. मग मला जवळ बसवून म्हणाल्या, "लेकरा, तुझ्या हातानं आज माझ्या देवाला पानी मिळालं." आणि भाकरीवर तूप वाढलं. घरात तूप होतं किती? मी खाल्लं. दिवसभर हापशाच्या फेऱ्या मारून नऊ घरांना पाणी दिलं, आणि हौद उपसला तेव्हा आत उतरून तो घासलाही मीच. "बघा, परमुलखाचा पोरगा आन किती राबतोय," बाया म्हणत होत्या. प्रत्येक शब्द कानशिलात बसत होता.

पुढच्या दिवशी टँकर आला. मामा नेहमीसारखे उतरले, हात धुतले आणि कळशीसाठी वाट बघत उभे राहिले. आक्का आल्या नाहीत. गल्ली आली.

"वास? माझ्या टँकरला?" मामांना कळेचना. "आवो, मी सोता हेच पानी पितो की! माझी नातवंडं पित्यात!"

"मंग आमच्या हौदात काय आभाळातनं पडलं का घासलेट?"

अप्पा मवाळ माणूस. भांडण वाढू नये म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. घरातून स्टीलचा पेला आणला आणि म्हणाले, "मामा, राग मानू नका. ह्याच्यात घ्या, आधी तुमी प्या, मग पाइप सोडा. लोकांचं समाधान हुईल."

मामांनी अप्पांकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं. पेला भरला आणि नऊ घरांच्या पुढं उभं राहून प्यायला. शेवटचा घोट घेताना त्यांच्या गळ्याचा रुमाल भिजला. मग पाइप सोडला, चहा न घेता गेले.

त्यानंतर तोच रिवाज झाला. चौथ्या दिवशी टँकर यायचा, कुणीतरी पेला आणून द्यायचं, मामा सगळ्यांदेखत प्यायचे. कळशी बंद झाली. आक्कांना ते पाणी नको असायचं, त्यांच्या पूजेचं मीच हापशावरून आणायचो. मामा ओट्यावर बसेनात. माझ्याकडं बघून एकदाही काही बोलले नाहीत. बोलायला कारणही नव्हतं, त्यांच्या दृष्टीनं मी गल्लीतलाच एक. मी दुकानाच्या पायरीवरून बघायचो. तीनदा बघितलं. चौथ्यांदा आत जाऊन मोठा आवाज करणारा एक टेबलफॅन उगाच चालू करून बसलो.

तेवढ्यात गल्लीतल्या एकानं अर्ज लिहिला. हा टँकरवाला बदलून मिळावा, पाणी दूषित आणतो. "आता जिल्हा हितंच हाय," तो ऐटीत म्हणाला. "अर्ज द्याया उस्मानाबादला जायला नको. सकाळी दिला की दुपारी साहेबाच्या टेबलावर." आठ सह्या झाल्या होत्या. नववी अप्पांची. हौद त्यांचा, म्हणून त्यांची सही वजनाची. अप्पा म्हणाले, "नांदेडहून आलो की करतो." कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला कळत होतं की टँकर भाड्याचा, मामा रोजावर. साहेबानं काढलं की काढलं.

होडी मी दुरुस्त केली होती. सोल्डरिंगचे सांडलेले थेंब वर्षानुवर्षं एका डबीत साठलेले, ते वितळवून तळाला ओतले. शेल खाली आणले. ग्रीस नवीन ठासलं, परत रॉकेलनं पातळ करूनच.

नांदेडला आम्ही तिघं एसटीनं गेलो. होडी माझ्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली. चाकूरला गाडी थांबली तेव्हा स्टँडवर रिकाम्या घागरींची रांग होती, माणसं सावलीत आणि घागरी उन्हात. अप्पांच्या खिशातून कागदाचं टोक दिसत होतं. मी पूर्ण प्रवास त्या टोकाकडं बघत होतो.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मेव्हणे आम्हाला घाटावर घेऊन गेले. गोदावरीही आटलेली, पण घाटाखालच्या डोहात पाणी होतं. आक्का खालच्या पायरीवर पाय सोडून बसल्या. मी होडी सोडली.

चांगली चालली. सांगायलाच हवं, फार चांगली चालली. डोहाच्या मध्यापर्यंत गेली, मोठा वळसा घेतला, कलली आणि परत सरळ झाली. घाटावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मेव्हणे म्हणाले, "वा रे दर्याच्या पोरा!" अप्पांची छाती फुगली होती. मी रिमोट धरून आक्कांच्या शेजारी उभा होतो. होडी काठाकाठानं आक्कांच्या पायांजवळून गेली आणि तिच्या मागं पाण्यावर, संथ पाण्यावर, नळीतनं सुटलेल्या ग्रीसचा पट्टा पसरला. जांभळा, हिरवा, पिवळा.

आक्कांनी त्या रंगांकडं बघितलं. मग वाकून बोट बुडवलं आणि हुंगलं. मग माझ्याकडं बघितलं.

मी, "आक्का," म्हणालो.

"मला सांगू नकोस." आवाज शांत होता, मेव्हण्यांना ऐकू जाणार नाही इतका. "मी त्या दिवशी आर्धा दीस उपाशी ऱ्हायले, ते माझ्या देवाचं आन माझं. ज्याला सांगायचं त्याला सांग." आणि पाय पाण्यातून काढून घेतले.

होडी डोहात एकटीच गोल फिरत होती. माझा अंगठा बटणावर तसाच राहिला होता.

होडी मेव्हण्यांनी मलाच ठेवायला दिली. परतीच्या गाडीत मी अप्पांना सांगितलं. बाटलीचं, सदऱ्याचं, सगळं. ओकारीचंही सांगितलं, ते का सांगितलं कोण जाणे. मला वाटलं ते ओरडतील. अहमदपूर गेलं.

"पेला माझ्या घरचा होता रं," मग ते म्हणाले. "मी हातानं दिला त्यान्ला."

खिशातला अर्ज काढून त्यांनी मला दिला. "मागची बाजू कोरी हाय. त्याच्यावर लिव्ह. आन सगळ्यांम्होरं वाच. मी वाचनार न्हाई तुझ्यासाठी."

"अप्पा, मला घरी पाठवणार का?"

"आधी लिव्ह," ते म्हणाले.

आठवी नापास माणसाचं लिहिणं ते. सात ओळी व्हायला दोन दिवस लागले. टँकर आला त्या सकाळी गल्ली जमलेली, कुणीतरी पेला आणून मामांच्या हातात दिलेलाच होता. मी कागद उघडला. पहिली ओळ वाचली, "हौदात रॉकेल माझ्या हातून सांडले," आणि पुढचं दिसेना. तोंडानंच सांगितलं, तुटक तुटक. होडी, बाटली, कोपर. मी बोललो नाही, हे. मामांची काही चूक नव्हती, हे.

ज्यानं अर्ज लिहिला होता तो आपल्या चपलांकडं बघत होता. मामा पेला हातात घेऊन उभे.

"सगळा समिंदर सोडून," ते म्हणाले, "आमच्या हौदात होडी घालायची तुला हौस आली व्हय रं?"

कुणी हसलं नाही. एरवी ह्या वाक्याला गल्ली फुटली असती.

मामांनी नळ थोडा सोडला, पेला काठोकाठ भरला आणि माझ्यापुढं धरला. "पी."

मी प्यायलो. विहिरीचं गार पाणी, थोडं लोखंडाच्या चवीचं. वास कसलाच नव्हता. नऊ घरं बघत होती. पाणी गिळताना इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं, आणि ह्या माणसाला ते चार वेळा प्यावं लागलं होतं. पेला रिकामा झाल्यावर मामांनी तो माझ्या हातातून घेतला नाही. मागं वळून हात धुतले आणि हाक मारली, "आक्का, कळशी आना."

आक्का कळशी घेऊन दारातच उभ्या होत्या.

मला घरी पाठवलं नाही. अप्पांनी तो विषय परत काढला नाही, मीच अनेक दिवस पिशवी भरून ठेवली होती. पुढं पाऊस पडेपर्यंत दर चौथ्या दिवशी मी पेला घेऊन टँकरपाशी जायचो आणि सगळ्यांच्या आधी प्यायचो. मामांनी पहिल्यांदा सोडून कधी सांगितलं नाही तसं. कधी थांबवलंही नाही.

चहाला ते परत बसायला लागले. आक्कांशी बोलायचे, अप्पांशी विहिरीच्या तळाचं बोलायचे, नातवंडांचं बोलायचे. माझ्याशीही नीट बोलायचे. एकदा घरचा रेडिओ दुरुस्तीला आणला, मी तो मन लावून केला, पैसे घ्यायला नको म्हणालो तर त्यांनी ऐकलं नाही, टेबलावर ठेवून गेले. जाताना म्हणाले, "येतो मेकॅनिक."

दर्यावाल्या म्हणून त्यांनी मला परत हाक मारली नाही.